सात मात्रांची कसोटी : नवशिक्यांसाठी सिक्वेन्सर निवडतानाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

सोलापुरात साखर पेठेत आमचा टंकलेखन आणि संगणकाचा छोटा वर्ग आहे. संध्याकाळी सातनंतर त्यातले चार संगणक रिकामे असतात, आणि वर्गातल्या काही मुलामुलींना त्यांवर इलेक्ट्रॉनिक संगीत करून पाहायचे आहे. त्यांत लेझीम पथकात हलगी वाजवणारा एक मुलगा आहे, हार्मोनियमच्या परीक्षा देणारी बारावीतली एक मुलगी आहे आणि बाकीच्यांनी आजवर कोणतेही वाद्य हाती धरलेले नाही. या सगळ्यांना चालेल असे सिक्वेन्सर सॉफ्टवेअर, म्हणजे ठेका आणि सूर आधी आखून ते संगणकाकडून वाजवून घेण्याचे साधन, निवडण्याचे काम मी हाती घेतले आहे. दुसऱ्या कुणाला हेच करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

अटी आज ठरवल्या. सॉफ्टवेअर इंटरनेटविना चालले पाहिजे. आज केलेले काम उद्या त्याच अवस्थेत पुन्हा उघडले पाहिजे. चोरीची प्रत वापरायची नाही, कारण वर्ग माझा आहे आणि मुले माझ्याकडे पाहून सवयी लावून घेतात. आणि आपला ठेका त्यात भरता आला पाहिजे. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नवशिक्यांसाठी सोपे म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा चार-चार मात्रांच्या ठेक्यापुरते सोपे असते, आणि पुढे दादरा किंवा रूपक भरायची वेळ आली की तो सोपेपणा किती टिकतो हे कुणी तपासलेले नसते.

१२ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरच्या आधी यंत्रांकडे पाहावे लागले. चारही संगणक जुने आय-थ्री, ४ जीबी रॅमचे, साध्या हार्ड डिस्कचे. कोणताही सिक्वेन्सर उघडायलाच इतका वेळ घेऊ लागला की मुलांचा उत्साह तिथेच संपला असता. प्रत्येकात २४० जीबीची एसएसडी (१,७०० रुपये) आणि वापरलेली ४ जीबी रॅम (८०० रुपये) घातली. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर करण्यात पहिले काही तास गेले आणि जुना कचराही सोबत आला. त्यापेक्षा विंडोज नव्याने बसवणे सोपे ठरले. उरलेले तीन संगणक तसेच केले.

१६ नोव्हेंबर

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तोच एक तुकडा करून पाहायचा असे ठरले. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून तुलना करण्यात अर्थ नाही, कारण त्या सगळ्या सारख्याच दिसतात. हाताने एकच काम सगळीकडे केले की कुठे अडते ते लगेच कळते.

तुकडा असा आहे. ताल रूपक, सात मात्रा, तीन-दोन-दोन अशी विभागणी : ती ती ना, धी ना, धी ना. लय मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एक आवर्तन बरोबर साडेतीन सेकंदांचे. वर भूपातली लहानशी सुरावट, पांढरी एकमध्ये, आणि तिच्यात पंचमावरून गंधारावर मध्ये न तुटता सरकत येणारी एक मींड. ठेक्यासाठी हलगीचे आघात आपणच ध्वनिमुद्रित केलेले, आणि खाली यंत्रमागाचा आवाज. मागाची कल्पना मुलांची. या भागात लहानपणापासून तो आवाज कानात असतो, तेव्हा तो संगीतात यावा हे मला योग्यच वाटले.

रूपक मुद्दाम निवडला. या तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’च्या (घुमारा नसलेल्या) जागी येते : तिच्यावर ‘ती’ आहे आणि घुमारा चौथ्या व सहाव्या मात्रेवरच्या ‘धी’मध्ये आहे. सिक्वेन्सर मात्र पहिल्या घरात मोठा ढोल गृहीत धरतात आणि त्यांचा मेट्रोनोमही (लयीचे ठोके देणारी सोय) पहिल्याच ठोक्याला जोर देतो. जे सॉफ्टवेअर या गृहीतकातून सहज बाहेर पडू देईल ते आपले.

१९ नोव्हेंबर

मोबाइल आणि ब्राउझरवरचे पर्याय पाहिले. गॅरेजबँड फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालते, आणि ते कुणाकडेच नाही. बँडलॅब विनामूल्य आहे, फोनवर व ब्राउझरमध्ये दोन्हीकडे चालते आणि ज्याच्याकडे संगणकच नाही त्याला मी तेच सुचवीन. पण वर्गात एका फोनच्या हॉटस्पॉटवर चार संगणक बसवून ते चालवणे शक्य नाही, म्हणून ते पहिल्या अटीतच मागे पडले.

२३ नोव्हेंबर

एफएल स्टुडिओ. हे बेल्जियममधल्या इमेज-लाइनचे, १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने सुरू झालेले. नवशिक्याने पहिल्या बैठकीत ठेका ऐकावा, या एका निकषावर मी पाहिलेल्यांत हे सर्वांत चांगले आहे. समोर वाद्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीत घरे, घर दाबले की आघात. ज्यांनी कधी वाद्य हाती घेतले नव्हते त्या मुलांनीही कुणी न सांगता ठेका वाजवला. २०१८ मधल्या २० व्या आवृत्तीपासून तालाची मापे व्यवस्थित बदलता येतात, त्यामुळे सात मात्रांचा ठेकाही विशेष अडचण न येता बसला. पियानो रोलमध्ये (सुरावट आखायच्या खिडकीत) सरकत्या स्वरांची सोय आहे आणि त्यांच्या स्वतःच्या वाद्यांवर तिने मींड चांगली निघते.

अडचण दुसऱ्या अटीची आहे. चाचणी आवृत्तीला मुदत नाही, तीत काम जतन होते, ध्वनिफाइलही काढता येते, परंतु जतन केलेले काम परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. कंपनी हे स्पष्टपणे सांगते आणि तिच्या बाजूने ते रास्तही आहे. एकदा परवाना घेतला की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य मिळतात, ही तर फारच उदार गोष्ट आहे. पण शिकणारा विद्यार्थी रोज थोडे थोडे काम करतो, आणि कालचे काम उघडत नसेल तर त्याला रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. चार संगणकांसाठी परवाने घेणे आम्हाला झेपणारे नाही. एकट्याने शिकणारा, पैसे घालू शकणारा कुणी असेल तर त्याने या नोंदी इथेच थांबवून हे घ्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

२७ नोव्हेंबर

एबलटन लाइव्ह. चाचणीची मुदत ठरावीक, आणि पूर्ण आवृत्तीची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. तरी त्यातली एक गोष्ट नोंदवून ठेवतो : यातला प्रत्येक तुकडा आपापल्या लांबीचा असू शकतो. सात मात्रांचा ठेका आणि दोन मात्रांचा लूप (फिरता तुकडा) शेजारी शेजारी सोडले की ते आपापले फिरत राहतात. याचे महत्त्व पुढे मागाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी कळले. याच कंपनीचे ब्राउझरमध्ये चालणारे विनामूल्य संगीतपाठ आहेत. ते मी मुलांना घरच्या फोनवर करायला सांगितले आहेत. ठोका, सुरावट, बास यांची ओळख करून द्यायला ते उत्तम आहेत.

१ डिसेंबर

हलगीचे ध्वनिमुद्रण. हलगी आधी जाळावर शेकवून घेतली, कारण थंड चामड्याचा आवाज बसका येतो. पहिले सगळे ध्वनिमुद्रण वाया गेले. फोनमधला नेहमीचा रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज वर खेचतो, त्यामुळे जाड काठीचा घुमारा आणि बारीक काठीची टिचकी दोन्ही एकाच पातळीवर आले, आणि जोराच्या आघातांवर तर आवाज फाटला. आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारे दुसरे ॲप घेतले, आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद केले आणि फोन हलगीपासून दोन हात दूर, थोडा तिरका ठेवला. मग काम झाले.

प्रत्येक आघात हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा घेतला. हे टाळू नये. एकच आघात यंत्राने पुन्हा पुन्हा वाजवला की दोन आवर्तनांतच कान ओळखतो. मध्यम आघाताचा आवाज वाढवून जोराचा आघात मिळत नाही, कारण जोर वाढला की चामड्याचा नादच बदलतो.

५ डिसेंबर

यंत्रमाग. पूर्व भागातल्या एका ओळखीच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत गेलो, तेव्हा इतर माग बंद असतात. मालकांना विचारले, “अण्णा, एकच माग थोडा वेळ चालवाल का?” ते म्हणाले, “चालवतो की सर, पण लवकर उरका. पोरांची मजुरी पिसावर आहे, जेवण झालं की त्यांना माग मोकळा पाहिजे.”

पंधरा सेकंद घड्याळ लावून ठोके मोजले आणि चारने गुणले. मिनिटाला १२० च्या आसपास भरले, म्हणजे आमच्या लयीशी जवळजवळ जुळणारे. पण घरी येऊन लांब तुकडा सिक्वेन्सरमध्ये टाकला तेव्हा काही आवर्तनांतच माग आणि ठेका एकमेकांपासून सुटले. पट्टा किंचित घसरतो, विजेचा दाब कमीजास्त होतो, त्यामुळे मागाची लय अखंड एकसारखी नसते. ती ओढूनताणून बसवण्यात पूर्ण संध्याकाळ गेली आणि काही हाती लागले नाही.

तोडगा ध्वनी नीट ऐकल्यावर सापडला. हार्मोनियमवाली मुलगी म्हणाली, “सर, दोन ठोके सारखे नाहीत. एक उघडा आहे, एक बंद.” तिचे बरोबर होते. आडवा धागा नेणारा धोटा एकदा डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या खेपेला परत येतो. फणी दर खेपेला ठोकते, पण धोटा फेकणारा खालचा दांडा वरच्या दांड्याच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून मागाचा खरा आवाज दोन ठोक्यांनी पुन्हा येतो, एका ठोक्याने नाही. लांब तुकडा टाकून देऊन ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रण आणि काटछाटीच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त एक स्वच्छ जोडी कापली, ‘चेंज टेम्पो’ने ती बरोबर एक सेकंदाची केली, आणि ती फिरती ठेवली. आता ती लयीला पक्की राहते.

यातून जे निघाले त्याने आम्ही सगळेच हरखलो. सात मात्रांखाली दोन मात्रांचा माग फिरत असतो तेव्हा पहिल्या आवर्तनात समेवर उघडा ठोका येतो, दुसऱ्या आवर्तनात बंद, आणि चौदा मात्रांनी दोघे पुन्हा जिथल्या तिथे भेटतात. हे कुणी रचलेले नाही. सात विषम आहे आणि धोटा दोनच बाजूंना जातो, एवढेच त्याचे कारण. चाचणीच्या तुकड्याची लांबी त्यामुळे दोन आवर्तने ठरली.

९ डिसेंबर

हायड्रोजन. विनामूल्य, मुक्तस्रोत आणि फक्त तालवाद्यांसाठी. आमच्या हलगीसाठी याहून चांगले काही सापडले नाही. ठेक्याची लांबी ७/४ अशी लिहिता येते, आणि एका वाद्यात जोरानुसार अनेक थर ठेवता येतात : हळू आघाताची फाइल खालच्या जोराला, जोराची फाइल वरच्या जोराला. घराखालची उभी रेघ वरखाली केली की योग्य आघात आपोआप निवडला जातो. हलगीवाल्या मुलाने थर लावून घेतल्यावर हात टेबलावर वाजवत ठेका आखला आणि पहिल्या मात्रेवर घुमारा न ठेवता बारीक काठी ठेवली. आवर्तन ध्वनिफाइल म्हणून बाहेर काढता येते. सुरावटीसाठी मात्र दुसरे काहीतरी लागणारच.

१४ डिसेंबर

एलएमएमएस. ही नोंद मोठी होणार आहे, कारण कल इकडे झुकतो आहे. मुक्तस्रोत, विनामूल्य, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारे, आम्ही १.२.२ ही आवृत्ती घेतली. एफएल स्टुडिओची घरांची पद्धत पाहिलेल्याला हे ओळखीचे वाटेल. सोबत वाद्ये आणि नमुने (तयार ध्वनितुकडे) भरपूर येतात, आणि काम जसे ठेवले तसे उघडते. एकदा मध्येच वीज गेली तेव्हा आपोआप जतन झालेली प्रत पुढच्या वेळी समोर आली. ही सोय सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते आधी पाहून घ्यावे.

ताल. वरच्या पट्टीत माप बदलता येते. आम्ही प्रथम ७/८ ठेवले आणि लय १२० केली, तेव्हा सगळे दुप्पट वेगाने धावू लागले. लयीचा आकडा चतुर्थांश स्वर मोजतो, आणि ७/८ मध्ये आपली मात्रा अष्टमांश होते, म्हणून तिथे आकडा ६० ठेवावा लागला असता. मुलांना हे समजावण्यापेक्षा माप ७/४ केले. त्यात एका आवर्तनाला २८ घरे येतात, प्रत्येक मात्रेला चार, आणि लयीचा आकडा म्हणजेच मात्रांचा आकडा. चौथी मात्रा तेराव्या घरात, सहावी एकविसाव्या घरात. दोन्ही ‘धी’ तिथे बसतात. माप आधी ठरवावे आणि मगच घरे भरावीत, हा क्रम सोडू नये. मागासाठी दोन आवर्तनांचा, म्हणजे ५६ घरांचा ठेका आखला.

सोळा घरांची सवय कुठून आली हे मुलांनी विचारले. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या तालयंत्रावर सोळा बटणांची रांग होती आणि तो आराखडा पडद्यावरही टिकला, हे सांगितले. सोबत हेही सांगितले की मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्रावर, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर जोडीला घेऊन, राग वाजवून तबकडी काढली होती. रागसंगीत आणि ही यंत्रे यांची ओळख आज नव्याने होत नाही, हे मुलांना माहीत असावे असे मला वाटते.

उणिवा. या आवृत्तीत माइकवरून थेट ध्वनिमुद्रण होत नाही. आवाज ऑडॅसिटीत घेऊन, कापून, फाइल आणावी लागते. आणलेल्या नमुन्याची पट्टी बदलली की त्याची गतीही बदलते, म्हणून लयीचे सगळे काम आधीच उरकावे लागते. आणि प्रकल्पाच्या फाइलमध्ये नमुने साठवले जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता साठतो. एका संगणकावरचे काम पेनड्राइव्हने दुसऱ्यावर नेले तेव्हा हलगी आणि माग दोन्ही गप्प. आता चारही संगणकांवर एलएमएमएसच्या कामाच्या फोल्डरमधल्या नमुन्यांच्या जागी ‘हलगी’ आणि ‘माग’ याच नावांचे उपफोल्डर आहेत, आणि कुणीही त्याबाहेरची फाइल वापरायची नाही असा नियम केला आहे.

२० डिसेंबर

रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे, म्हणजे आजच्या दराने पाच हजार रुपयांच्या थोडे वर. डाउनलोड अगदी लहान, जुन्या यंत्रावर हलके, आणि पेनड्राइव्हवरूनही चालवता येते. ध्वनिमुद्रण, काटछाट, पट्टी न बदलता गती बदलणे यांत ते वरच्या सगळ्यांपेक्षा पुढे आहे. पण नवशिक्यासमोर उघडले की रिकामा पडदा दिसतो. घरांचा सिक्वेन्सर मुळात नाही, सोबतची वाद्ये नावापुरती आहेत, आणि पहिला स्वर ऐकण्याआधीच बरेच काही जोडून घ्यावे लागते. ज्याला गाणे मुद्रित करायचे आहे त्याचे हे साधन आहे. घरे भरून ठेका शिकणाऱ्याचे नाही.

वेव्हफॉर्म फ्रीसुद्धा पाहिले. विनामूल्य असून ट्रॅकच्या संख्येवर बंधन नाही, पण सगळे एकाच खिडकीत दाटल्यामुळे आमच्या जुन्या लहान पडद्यांवर अक्षरे वाचेनात. मोठा पडदा असणाऱ्याने जरूर पाहावे.

एक इशारा. एलएमएमएसमध्ये इंटरनेटवरून घेतलेले एक विनामूल्य वाद्य-प्लगइन जोडल्यावर सगळे सॉफ्टवेअर वारंवार बंद पडू लागले. ते काढल्यावर थांबले. सुरुवातीचे काही महिने सोबत आलेल्या वाद्यांपलीकडे जाऊ नये. टीबी-३०३ च्या धाटणीचा आवाजसुद्धा त्यांत आहे.

२४ डिसेंबर

२५ पट्ट्यांचा एक वापरलेला मिडी की-बोर्ड ३,५०० रुपयांना मिळाला. (मिडी म्हणजे वाद्याने संगणकाला स्वर कळवण्याची ठरलेली पद्धत.) पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत होता आणि मुलीला लय सांभाळता येईना. बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवायच्या आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांची संख्या, १,०२४ असेल तर सेकंदाला ४४,१०० च्या दराने तिथेच २३ मिलिसेकंद जातात, आणि बाकीचा उशीर त्यावर. २५६ केले तर उशीर कमी झाला पण आवाजात तडतड सुरू झाली. ५१२ वर, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंदांवर, दोन्ही सोसवले. एक मुलगा स्वतःचे ब्लूटूथ हेडफोन लावून बसला होता, त्याला कितीही बफर बदलला तरी फरक पडला नाही, कारण त्या हेडफोनचाच उशीर याहून कितीतरी मोठा असतो. तारेचे हेडफोन घेतले, प्रत्येकी ४५०.

२ जानेवारी

मींड. मिडीचे माप १९८३ मध्ये ठरले तेव्हा ते पट्ट्यांच्या वाद्यांसाठी ठरले : स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक क्रमांक, आणि दोन क्रमांकांच्या मधले सगळे पिच-बेंड नावाच्या वेगळ्या आज्ञेवर सोपवलेले. ही आज्ञा पूर्ण चॅनेलला लागू होते, एकट्या स्वराला नाही. म्हणून पंचमावरून गंधारावर येताना खाली षड्जाचा आधारस्वर त्याच ट्रॅकवर धरलेला असेल, तर तोही सोबत घसरतो. शिवाय पिच-बेंडची पोच बहुधा दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर एवढीच ठेवलेली असते, आणि प ते ग हे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. मींड मध्येच थांबली तर पहिल्यांदा ही पोच तपासावी.

एलएमएमएसमध्ये यावर चांगला उपाय मिळाला. पियानो रोलमध्ये डीट्यून नावाची पद्धत आहे. ती निवडून एखाद्या स्वरावर टिचकी मारली की त्या एकाच स्वराचा मार्ग रेघेने आखता येतो. मुलीने पंचम धरला, त्याच्या उत्तरार्धात रेघ तीन अर्धस्वर खाली आणली आणि ऐकून म्हणाली, “सर, ही तर सायरनसारखी घसरते.” सरळ रेघेने तसेच होते. पंचमावर थोडे रेंगाळून, मध्ये वेगाने आणि गंधाराजवळ पुन्हा सावकाश अशी वाकडी रेघ आखल्यावर ती गायल्यासारखी वाटू लागली. हार्मोनियमवर जे कधीच करता येत नाही ते तिने इथे केले, आणि नंतर बराच वेळ तीच एक मींड वेगवेगळ्या वळणांनी आखत बसली. मी तिला थांबवले नाही.

आणखी एक गोंधळ टळावा म्हणून : मिडीतला ६० क्रमांकाचा स्वर एबलटनमध्ये सी-३, रीपरमध्ये सी-४ आणि एफएल स्टुडिओत सी-५ या नावाने दिसतो. एकाच सुरावटीची तुलना करताना नाव पाहू नये, क्रमांक पाहावा.

८ जानेवारी

मुलांना एलएमएमएस देऊन मी बाजूला बसलो आणि ती कुठे अडतात तेवढेच लिहून घेतले. बहुतेक सगळी एकाच ठिकाणी अडली. यात गाण्याची, ठेक्याची आणि पियानो रोलची खिडकी वेगवेगळी असते आणि प्रत्येकीला स्वतःचे प्ले बटण असते. मुले ठेक्याच्या खिडकीत घरे भरत होती आणि गाण्याच्या खिडकीतले प्ले दाबून काहीच का वाजत नाही म्हणून विचारत होती. स्पेसची कळसुद्धा जी खिडकी पुढे आहे तिलाच वाजवते. एफ५ गाणे, एफ६ ठेका, एफ७ पियानो रोल, असे मराठीत लिहून पडद्याखाली चिकटवले आणि एका वेळी एकच खिडकी उघडी ठेवायला सांगितले. त्यानंतर तो प्रश्न आला नाही. इंग्रजी शब्दांची मला जी भीती होती ती अनाठायी होती. लागणारे शब्द थोडे आहेत आणि मुले ते चित्रांसारखे लक्षात ठेवतात.

दुसरी अडचण मेट्रोनोमची. समेवर त्याचा उंच ठोका पडला की हलगीवाला मुलगा तिथे जोर देऊ लागे आणि रूपकाचा तोल जाई. मेट्रोनोम बंद ठेवून त्याऐवजी मागाची जोडी लावली. लय कळते, आणि समेवर फुकटचा जोरही येत नाही.

१८ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे मधले दिवस वर्ग बंद होता. आज निवड पक्की केली. चारही संगणकांवर एलएमएमएस, हायड्रोजन आणि ऑडॅसिटी. हलगीचे थर हायड्रोजनमध्ये, कापकाम ऑडॅसिटीत, बाकी सगळे एलएमएमएसमध्ये. माझ्या स्वतःच्या संगणकावर रीपर राहील, मुदत संपल्यावर परवाना घेऊन, कारण मुलगी पुढे आवाजही मुद्रित करू इच्छिते.

खर्च : एसएसडी ६,८००, रॅम ३,२००, की-बोर्ड ३,५००, हेडफोन १,८०० आणि माइकसाठी यूएसबी साउंड अडॅप्टर ३५०, मिळून १५,६५० रुपये. सॉफ्टवेअरवर अजून काही नाही. यंत्रे आधीच बरी असतील तर यातले १०,००० वाचतील.

राहिलेले काम : हायड्रोजनमधून आणलेल्या आवर्तनाच्या शेवटी हलगीचा घुमारा साडेतीन सेकंदांच्या पुढे जातो आणि फाइल फिरवताना तिथे बारीक खटका ऐकू येतो. शेपूट कापले तर नाद मरतो. सध्या दोन आवर्तने सलग काढून दुसरे तेवढे वापरतो, म्हणजे पहिल्याचा घुमारा दुसऱ्याच्या सुरुवातीत आपसूक मिसळलेला मिळतो, आणि ते नेमक्या सातव्या सेकंदाला कापतो. पुढच्या आठवड्यात दादऱ्यासाठी ६/४ चे माप लावून हेच करून पाहायचे आहे. तिथे मागाची जोडी दर आवर्तनाला जागेवर येईल, तेव्हा उघडा ठोका समेवर ठेवायचा की बंद, हे मुलांनी ठरवायचे आहे.